'स्पीक' की 'वॉलफ्लॉवर': वाचनगटासाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर

वाचनगट चालवणारे मित्र, शाळेतल्या ग्रंथपाल बाई, अधूनमधून एखादी आई, अशा बऱ्याच जणांकडून मला एकच प्रश्न येतो. लैंगिक अत्याचार सोसलेलं मूल, त्याचं गप्प होणं आणि मग हळूहळू बोलतं होणं, हा विषय मुलांपुढे ठेवायचा आहे. त्यासाठी इंग्रजीतली कुठली किशोर कादंबरी घ्यावी? चर्चा कुठूनही सुरू झाली तरी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'स्पीक' आणि स्टीफन चबॉस्की यांची 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर'. दोन्ही पुस्तकं १९९९ सालची, दोन्ही अमेरिकेतली, दोन्हींतलं मूल नुकतंच हायस्कुलात आलेलं, दोघांनाही एकेक चांगला शिक्षक भेटलेला. त्यामुळे कुठलंही उचललं तरी चालेल, असं वरवर वाटतं. मला तसं वाटत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही कथा तुम्हाला साधारण माहीत आहेत असं धरून चाललो आहे. ज्यांना माहीत नाहीत त्यांनी आधी पुस्तकं वाचावीत, कारण शेवट उघड केल्याशिवाय ही तुलना होत नाही.

आमचा गट ठाण्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. मुलं-मुली दोन्ही, नववी ते अकरावीतली, काही मराठी माध्यमातली, काही इंग्रजी. थोडं घरी वाचून यायचं, थोडं एकत्र मोठ्याने वाचायचं, मग बोलायचं. दोन्ही पुस्तकं आम्ही वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर वाचली आहेत, 'वॉलफ्लॉवर' आधी आणि 'स्पीक' नंतर. तेव्हा खाली जे आहे ते साहित्याचं मूल्यमापन नाही. त्या खोलीत काय घडलं, त्यावरून बनलेलं माझं मत आहे. तुमच्याकडची मुलं वेगळी असतील, त्यांच्याबरोबर वेगळं घडू शकेल.

वाचायला सोपं कोणतं, यात वाद नाही. 'वॉलफ्लॉवर'. चार्ली एका अनोळखी मित्राला पत्रं लिहितो आणि पंधरा वर्षांचा मुलगा जसं लिहील तसंच साधं लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनासुद्धा तिसऱ्या-चौथ्या पत्रानंतर शब्दकोश लागला नाही. 'स्पीक'चं तसं नाही. त्यातली कथा सांगणारी मेलिंडा, तिची वाक्यं आखूड आहेत, पण तिची जीभ तिखट आहे आणि तिचा रोख ज्या गोष्टींवर आहे त्या आपल्या मुलांच्या ओळखीच्या नाहीत. शाळेचं बोधचिन्ह वर्षभर बदलत राहतं, सामन्याआधी सगळी शाळा जमवून घोषणा देण्याचा सोहळा होतो, 'मार्था' नावाचा नीटनेटक्या मुलींचा कंपू असतो. हे सगळं समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगितलेल्या विनोदावर कोणी हसत नाही. पहिली तीस-चाळीस पानं आमच्या गटाला जड गेली. दोन-तीन मुलं तिथेच गळली असती. मोठ्याने वाचन असल्यामुळे टिकली. तुमच्याकडे एकत्र वाचायची सोय नसेल आणि पुस्तक नुसतं हातात द्यायचं असेल, तर ही अडचण लहान समजू नका.

'वॉलफ्लॉवर'ची दुसरी बाजू मला याहून कितीतरी जास्त महत्त्वाची वाटते. इथे अत्याचार सोसलेला मुलगा आहे. आणि अत्याचार करणारी व्यक्ती म्हणजे त्याची मावशी, घरात राहिलेली, त्याच्यावर जीव टाकणारी, त्याला साऱ्या जगात सगळ्यात जास्त आवडणारी. ती त्याच्या वाढदिवसाची भेट आणायला गेली असताना गाडीच्या अपघातात मरण पावली आहे, आणि त्याचा अपराधी भाव तो उराशी धरून आहे. तिच्यावरही लहानपणी कोणीतरी अत्याचार केला होता. हे इतकं गुंतागुंतीचं सत्य किशोरांसाठीच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. आपल्याकडे 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस' इथपर्यंतच शिकवण पोचते, आणि मुलग्यांना तीही मुलींपेक्षा कमीच मिळते.

या बाबतीत आकडे बोलके आहेत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून केलेला. त्यात महाराष्ट्रही होता आणि गोवाही. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि असं सांगणाऱ्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. मी हे गटात सांगितलं तेव्हा मुली गप्प झाल्या आणि मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. एकाने नंतर येऊन विचारलं, "काका, तो कायदा मुलग्यांना पण लागू आहे का?" आहे. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. हा प्रश्न 'वॉलफ्लॉवर'मुळे आला, 'स्पीक'मुळे आला नसता. माणूस म्हणून तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि केवळ या एका कारणासाठी कोणी 'वॉलफ्लॉवर' निवडलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

तरीही पुढच्या तुकडीसाठी मी 'स्पीक' घेतलं, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर बहुधा तेच घेईन. कारण 'वॉलफ्लॉवर'मधली एक गोष्ट मला खुपत राहिली.

मावशीने काय केलं ते चार्लीला स्वतःलाच माहीत नाही. सगळं पुस्तकभर ते त्याच्या आठवणीत गाडलेलं आहे. त्याला आवडणारी मैत्रीण सॅम त्याच्या जवळ येते, तो दचकून मागे सरतो, ते गाडलेलं वर येतं, आणि तो कोसळतो. मग दोन महिन्यांनी, रुग्णालयातून घरी आल्यावर लिहिलेल्या शेवटच्या पत्रात आपल्याला कळतं की काय झालं होतं. मनाचं असं होऊ शकतं, होतंही. लेखकाने काही खोटं लिहिलेलं नाही. पण या रचनेचा वाचनगटावर काय परिणाम होतो तो मी पाहिला. पुस्तक संपलं त्या दिवशी मुलं हिरिरीने मागची पानं उलटायला लागली. मावशीबद्दल तो इतकं भरभरून का बोलतो, वाढदिवसाच्या सुमारास का खचतो, कोणी स्पर्श केला की कसा वागतो, अशा एकेक खुणा सापडायला लागल्या. प्रत्येक खुणेला "अच्छा, म्हणून तो असा!" अशी दाद. तासाभरात चार्ली हे सुटलेलं गणित झालं होतं. उत्तर आलं, वही मिटली.

मुलांना मी दोष देत नाही. पुस्तकच त्यांना तसं वाचायला लावतं. जी गोष्ट शेवटी उघड होते ती आपोआप आधीच्या सगळ्याचं स्पष्टीकरण बनते, आणि चार्लीचं रडणं, त्याचं मित्रांसाठी झिजणं, बहिणीची काळजी करणं हे सगळं एका कारणाखाली दबून जातं. त्यात आणखी एक व्यवहारातली अडचण. हे कळतं तेव्हा गटाची बैठकही शेवटचीच असते. पुढच्या आठवड्यात दुसरं पुस्तक सुरू होणार असतं. ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं, तिच्यासाठी वेळच उरत नाही.

त्याच बैठकीत एका मुलीने विचारलं, "पण काका, तो बोलला कधी?" आम्ही पानं चाळली. तो बोलतो ते आपल्यासमोर नाही. कोसळणं आणि शेवटचं पत्र यांच्यामध्ये जे दोन महिने आहेत, त्यांत डॉक्टर आहेत, घरच्यांना कळणं आहे, आणि ते सगळं झाल्यावर मागाहून आपल्याला सांगितलं जातं. पहिला शब्द उच्चारायला किती जड गेला, कोणाकडे बघून तो बोलला, मध्ये थांबला का, यातलं काही पानावर घडत नाही. बोलण्याचं धैर्य हा विषय घेऊन आम्ही बसलो होतो आणि नेमका तोच प्रसंग पुस्तकात आड गेलेला. त्या मुलीच्या प्रश्नाने माझा निर्णय झाला.

'स्पीक'मध्येही काय झालं ते पहिल्या पानावर सांगितलेलं नाही. पण मेलिंडाला ते माहीत आहे. तिला ते प्रत्येक क्षणी माहीत आहे आणि ती ते वाचकालासुद्धा सांगू शकत नाही, हा फरक फार मोठा आहे. आमच्या गटातल्या बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच अंदाज केला. त्यानंतर कोणी खुणा शोधत बसलं नाही. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर: ही आता तरी बोलेल का?

आणि पुस्तक तिला पुन्हा पुन्हा बोलायच्या उंबरठ्यावर आणतं. उन्हाळ्याच्या शेवटी ज्या पार्टीत तिच्यावर बलात्कार झाला, तिथून तिने पोलिसांना फोन लावला होता, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पोलीस आले, पार्टी उधळली गेली, आणि का फोन केला हे कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून सगळी शाळा तिच्यावर राग धरून आहे. इतिहासाच्या तासाला स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीवर ती चांगला निबंध लिहिते, पण शिक्षक म्हणतात तोंडी सादर कर, तेव्हा ती प्रती वाटते आणि फळ्याजवळ गप्प उभी राहते. आपल्याला वाटतं, वा, काय ठाम उभी राहिली! मग तिचा प्रयोगशाळेतला जोडीदार डेव्हिड पेट्राकिस तिला सरळ सांगतो की त्या बायका बोलण्यासाठी लढल्या होत्या, गप्प राहण्याच्या हक्कासाठी नाही. या प्रसंगावर आमच्या गटात जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कशावरच झाली नाही. गप्प राहणं हा विरोध असू शकतो का? कधी असतो आणि कधी नसतो? एका मुलीचं म्हणणं होतं की डेव्हिड बरोबर बोलला पण त्याला ते बोलणं सोपं होतं. मला तिचं पटलं.

मग बाथरूमची भिंत येते. कुठल्या मुलांपासून लांब राहावं, या मथळ्याखाली ती अँडी इव्हान्सचं, म्हणजे तिच्यावर बलात्कार करणाऱ्याचं, नाव लिहिते. काही दिवसांनी तिची मैत्रीण आयव्ही तिला तिथे नेऊन दाखवते, तर खाली इतर मुलींनी आपापल्या हस्ताक्षरात भर घातलेली. पुढे वाचनालयात, शेजारी बसलेल्या रेचलला ती वहीत लिहून सांगते. तोंडाने नाही. रेचल तिची जुनी जिवलग मैत्रीण, आता अँडीबरोबर फिरणारी. आधी ती हळहळते, कोण म्हणून विचारते. नाव वाचल्यावर तिला खोटारडी ठरवून निघून जाते. मेलिंडाने सगळ्यात अवघड काम केलं आणि उत्तर हे मिळालं.

हा प्रसंग मी दोन्ही हातांनी जपून ठेवीन. कारण 'बोला, बोललं की सगळं ठीक होतं' असं आपण मुलांना सर्रास सांगतो आणि ते खरं नाही. पहिल्यांदा सांगितल्यावर विश्वास बसेलच असं नाही, आपल्याच माणसाचा बसेल असंही नाही, तरी तिथे थांबायचं नाही. हे मी भाषणातून सांगितलं असतं तर मुलांनी मान डोलावली असती. रेचल उठून गेली तेव्हा खोलीतली सगळी मुलं तिच्यावर चिडली होती.

मोठ्या माणसांच्या बाबतीत दोन्ही पुस्तकं मला तोडीस तोड वाटतात. चार्लीचे बिल सर त्याला वर्गाबाहेरची पुस्तकं वाचायला देतात, आणि त्याच्या बहिणीला तिचा मित्र मारतो हे चार्लीकडून कळल्यावर तिच्या घरी फोन करतात. तो फोन पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक आहे, शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा. मेलिंडाचे फ्रीमन सर चित्रकलेचे. ते प्रत्येकाला वर्षभरासाठी एकच विषय देतात, तिला झाड येतं. ती ते कोरते, बिघडवते, पुन्हा करते. टर्कीच्या हाडांचं एक शिल्प करते, त्यात बाहुलीचं डोकं, तोंडावर चिकटपट्टी. सर त्यावर तिची उलटतपासणी घेत नाहीत. फक्त जागा देतात. आमच्याकडच्या एका चित्रकला शिक्षिकेने हे वाचून पुढच्या वर्षी आपल्या वर्गात तसाच एक-विषय-वर्षभर प्रयोग केला. मुलांची कामं मी पाहिली. खरोखर बघण्यासारखी होती.

घरच्यांचं चित्र मात्र 'स्पीक'मध्ये जास्त बोचरं आणि माझ्या मते जास्त उपयोगी आहे. मेलिंडाचे आईबाप वाईट नाहीत. दमलेले आहेत, एकमेकांवर वैतागलेले आहेत, आणि मुलीशी स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून बोलतात. तिचे गुण घसरले म्हणून शाळेत बोलावणं येतं तेव्हा आईला वाटतं ही लक्ष वेधून घ्यायला नाटक करते. पालकांच्या बैठकीत मी ही पानं वाचून दाखवतो. आपल्याकडे चिठ्ठीच्या जागी मोबाइलवरचा निरोप आला आहे एवढंच.

'स्पीक' हे मुलींचं पुस्तक आहे, मुलग्यांना ते परकं वाटेल, ही भीती मलाही होती. अमेरिकेत तर यावरून वाद झालेत. २०२० साली तिथे ज्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त आक्षेप घेतले गेले त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत 'स्पीक' चौथं होतं, आणि नोंदलेल्या कारणांत एक कारण असं की ते मुलग्यांविरुद्ध पूर्वग्रह बाळगतं. दुसरीकडे अँडरसन यांनी स्वतः सांगितलं आहे की मुलगे त्यांना पुन्हा पुन्हा, प्रामाणिकपणे गोंधळून, एक प्रश्न विचारत आले: मेलिंडाला एवढं वाईट का वाटलं? त्यांना तो प्रश्न धक्कादायक वाटला, पण मुलांनी तो विचारला हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. आमच्याकडे तो वेगळ्या रूपात आला. "पार्टीला जायचंच कशाला? प्यायचंच कशाला?" एका मुलाने विचारलं, चेष्टेने नाही, मनापासून. मी काही बोलायच्या आत दोन मुलींनी त्याला उत्तर दिलं, आणि पुढचे काही आठवडे तो प्रश्न खोलीत फिरत राहिला. त्या मुलाचं मत बदललं की नाही ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याने पुस्तक सोडलं नाही आणि शेवटी शेवटी तो अँडीच्या बाजूने एक शब्द बोलत नव्हता. अत्याचाराचा प्रसंग पुस्तकात बराच आधी उघड झाला म्हणून हे घडायला वेळ मिळाला. शेवटच्या पानावर उघड झाला असता तर तो प्रश्न त्या मुलाबरोबर तसाच घरी गेला असता.

'स्पीक'वरचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. मेलिंडाचा आवाज खऱ्या अर्थाने फुटतो तो अँडी तिला तिच्या लपायच्या खोलीत गाठून दुसऱ्यांदा हल्ला करतो तेव्हा. ती ओरडते, आरसा फोडते, काचेचा तुकडा त्याच्या गळ्याला लावते, आणि बाहेर नेमक्या शाळेच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) संघाच्या मुली असतात. सगळ्यांसमोर सिद्ध होतं, शाळेचं मत एका रात्रीत फिरतं. खऱ्या आयुष्यात असे साक्षीदार मिळत नाहीत, आणि आवाज सापडायला दुसरा हल्ला व्हावा लागतो असा अर्थ कोणी काढला तर तो घातक आहे. म्हणून हे प्रकरण वाचताना मी मुलांना थांबवून भिंत आणि वही यांची आठवण करून देतो: ती याच्या आधीच बोलायला लागली होती. त्याच खोलीत तिने आरसा झाकायला अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांचं पोस्टर लावलेलं आहे, शाळेने त्यांचं पुस्तक काढून टाकल्यावर ग्रंथपालांनी दिलेलं. अँजेलो लहानपणी अत्याचारानंतर कित्येक वर्षं बोलत नव्हत्या, हे मुलांना सांगितलं की ते पोस्टर तिथे का आहे ते त्यांना आपलं आपण उमगतं.

शेवट मात्र मला निर्विवाद आवडतो. मेलिंडा फ्रीमन सरांपुढे उभी आहे, झाड पूर्ण झालेलं, आणि ती सांगायला सुरुवात करते. पुस्तक तिथे संपतं. ती काय सांगणार ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे लक्ष सगळं तिच्या सांगण्यावर राहतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. 'वॉलफ्लॉवर'मध्ये आत्महत्या, नशा, समलिंगी प्रेम, गर्भपात, मारहाण सगळं आहे. प्रत्येक विषय जिव्हाळ्याने हाताळलेला, पण पालकांची संमती घेताना सहा वेगवेगळ्या गोष्टींवर बोलावं लागतं आणि मूळ विषय बाजूला पडतो. 'स्पीक'मध्ये एकच विषय आहे, संमती मिळवणं मला सोपं गेलं. चित्रपट दोन्हींचे आहेत, 'स्पीक'चा २००४ चा आणि 'वॉलफ्लॉवर'चा २०१२ चा, तो खुद्द चबॉस्की यांनी दिग्दर्शित केला. 'वॉलफ्लॉवर'चा चित्रपट बऱ्याच मुलांनी आधीच पाहिलेला असतो. तसं असेल तर शेवटचा धक्का उरत नाही आणि माझी तक्रारही थोडी सौम्य होते, हे न्यायाने सांगायला हवं. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी 'स्पीक'ची एमिली कॅरल यांनी चित्रं काढलेली २०१८ ची चित्रकादंबरी आहे. ती आमच्याकडे दोन मुलांनी मूळ पुस्तकाबरोबर वाचली आणि ती मागे पडली नाहीत. अँडरसन यांच्यावर स्वतःवर तेराव्या वर्षी बलात्कार झाला होता. त्याबद्दल त्यांनी २०१९ साली 'शाउट' हे मुक्तछंदातलं आत्मकथन लिहिलं. ते मुलांना नको, गट चालवणाऱ्याने आधी वाचावं.

एकट्याने वाचणारा, इंग्रजीला बिचकणारा मुलगा असेल, किंवा घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या अत्याचाराबद्दल बोलायचं असेल, तर 'वॉलफ्लॉवर' द्या. गटात वाचायचं असेल, मुलं-मुली एकत्र असतील, आणि बोलणं कसं घडतं ते दाखवायचं असेल, तर माझं पारडं 'स्पीक'कडे झुकतं. दोन्ही वाचणं शक्य असेल तर 'स्पीक' आधी. चार्ली मग जास्त समजतो, आणि खुणा शोधायची घाईही कमी होते.

कुठलंही घेतलंत तरी पहिल्या बैठकीआधी एक तयारी करा. अशी पुस्तकं वाचताना एखादं मूल खरोखरच स्वतःबद्दल बोलायला लागू शकतं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो: तुम्ही मला काही सांगितलंत तर मी ऐकीन, विश्वास ठेवीन, आणि तुमची मदत करू शकणाऱ्या माणसांपर्यंत ते नेणं माझं काम असेल, ते तुम्हाला आधी सांगूनच करीन. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, आणि बैठक संपल्यावर पुसत नाही. ओळखीच्या एखाद्या समुपदेशकाशी आधीच बोलून ठेवा. 'स्पीक' वाचताना अत्याचाराचं प्रकरण येईल त्या दिवशी मोठ्याने वाचू नका. ते घरी वाचून यायला सांगा, ज्यांना नको असेल त्यांना ते सोडायची मुभा द्या, आणि त्या दिवशी बैठक लवकर उरकायची घाई नसेल असा वार निवडा.